जिभेवर घेतलेला साबण

साबण झाला की नाही हे आमच्या घरात माय जिभेनं ठरवायची. कढईतला लगदा लाकडी पळीवर घेऊन ती गार होऊ द्यायची, करंगळीनं चिमूटभर उचलायची आणि जिभेच्या टोकाला लावायची. झोंबला तर कॉस्टिक सोडा अजून तेलात पुरता मुरलेला नाही, आणखी शिजू द्यायचं. नुसताच तेलकट लागला तर कॉस्टिक कमी पडलं. दोन्ही नसेल तेव्हा ती चूळ भरायची आणि म्हणायची, "उतरवा." मी बुलढाण्याहून बी.एस्सी. होऊन आले तेव्हा तपासायचे रंगीत कागद घेऊन आले, ते साबणात बुडवून तिला रंग बदलून दाखवला. तिनं कौतुकानं पाहिलं, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि पुन्हा जीभ लावून बघितली.

आमचा कारखाना म्हणजे मेहकरच्या बाहेर, पैनगंगेच्या अंगाला एक टिनाचा शेड. दोन कढया, एक हौद, वड्या कापायची तार लावलेली लाकडी चौकट आणि मागं जळतणाचा ढीग. आजोबांनी हे सुरू केलं. ते तरुणपणी लोणारच्या सरोवराच्या काठावर साचणारा खार गाढवांवर लादून आणायचे आणि त्यावर साबण करायचे, असं घरात सांगत. पुढे बाजारात कॉस्टिक मिळू लागलं आणि गाढवं गेली. तेल मात्र सगळं इथलंच. जिनिंगमधली सरकी तेलगिरणीत जायची, आणि तेल शुद्ध करताना खाली जी काळपट गाद बसायची ती आम्ही आणायचो. कपाशीचं गाव, त्यामुळे आमचा साबणही कपाशीचाच होता. लांबट, पिवळसर वडी, धुणं धुवायची. आजोबांच्या काळी ती तालुक्यातल्या प्रत्येक नदीघाटावर दिसायची म्हणे.

माझ्या लहानपणीच ती दिसेनाशी झाली. रंगीत पुड्यांमधली पावडर आली. बाबांनी एकेक दुकान हातचं जाताना पाहिलं. मग ते फिनाईल करू लागले, भांड्यांचा साबण करू लागले, शाळांना आणि दवाखान्यांना सायकलवरून पोचवू लागले. बाबा स्वभावानं मवाळ. दुकानदारानं नाही म्हटलं की ते त्याचीच समजूत काढून परत यायचे. कढई मायच्या हातात होती आणि बाहेरचं जग बाबांच्या. दोघांनी कधी एकमेकांच्या कामात हात घातला नव्हता.

त्याच सुमाराला बोंडअळी न लागणारी बीटी कपाशी आली. पहिले दोन हंगाम गावात सगळेच खूश होते. बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, झाडं बोंडांनी वाकली, आणि आम्हालाही सरकीची गाद हवी तेवढी मिळू लागली. पण पानांवर दुसरं काहीबाही दिसू लागलं. तुडतुडे, मावा, पांढरी माशी. पंप पुन्हा पाठीवर चढले आणि मग उतरलेच नाहीत. एका आठवड्यात एक औषध, पुढच्या आठवड्यात दोन मिसळून, त्याच्या पुढे तीन.

आमच्याकडचं फिनाईल नेणारा एक शेतकरी एकदा बाबांना म्हणाला की फवारलेलं पाणी पानावर थांबतच नाही, थेंब होऊन घरंगळतं. बाबांनी त्याला करंजीच्या तेलाचा मऊ साबण दिला, पाण्यात ढवळून टाकायला. पंधरा दिवसांनी तो दोघांना घेऊन आला. याला स्टिकर म्हणतात आणि कंपन्या तो लहान लहान बाटल्यांतून विकतात, हे आम्हाला मागाहून कळलं. मी आणि मायनं मिळून तो पातळ, मधासारखा केला, बाबांनी हिरवे कॅन आणले, मी कागदी लेबल लिहून छापून आणलं. वर्षभरात दोन्ही कढया पुन्हा रोज पेटू लागल्या. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, ते मी लांबवलं. खरं सांगायचं तर मला शेड सोडायचा नव्हता.

एक गोष्ट मला तेव्हाही टोचत होती. आमचा साबण त्या विषाला पानावर धरून ठेवत होता. मी हे मायजवळ बोलले.  दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रत्येक कॅनबरोबर धुण्याच्या साबणाची एक वडी फुकट द्यायला सुरुवात केली, आणि कॅन नेणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली की फवारून आल्यावर आधी आंग धुवा, कपडे वेगळे धुवा, मग जेवायला बसा. बाबा म्हणाले, वडी फुकट कशाला? ती म्हणाली, आपण चिकटवतो तर सोडवायचंही आपणच दिलं पाहिजे.

गावात एका मोठ्या कृषी केंद्राचा मालक होता. बियाणं, खत, औषध, सगळं त्याच्याकडे, आणि आमचे कॅनही त्याच्या दुकानात होते. पावसाळा लागायच्या आधी तो आपल्या जीपमधून शेडवर आला. मागं एक निळं पिंप. त्यानं बाबांना खुर्ची द्यायला लावली, पिंप उतरवलं आणि सांगितलं की दर कॅनमागे यातले दोन मग टाका. स्टिकर तुमचाच राहील, वर औषधाचा जोर वाढेल. लेबल तो नवं छापून देणार होता. जेवढा माल होईल तेवढा उचलणार होता, लोणारपासून पार सिंदखेडपर्यंत. बाबा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत होता. इतकी वर्षं दारोदार फिरलेल्या माणसाच्या दारात कोणी गिऱ्हाईक होऊन आलं होतं.

माय कढईजवळून पदराला हात पुसत आली. पिंपावर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. ती त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"भाऊ, याच्यात काय हाये?"

"पावर हाये, वहिनी."

"ते समजलं. त्या पावरचं नाव काय हाये?"

तो हसला. म्हणाला, नाव लांबलचक आहे, कंपनीच्या लोकांनाही पाठ नसतं, आणि शेतकऱ्याला कुठे नाव पाहिजे असतं, त्याला अळी मेलेली पाहिजे.

माय म्हणाली, "मी शिजवतो त्यातलं एकेक मले ठाऊक हाये. हे ठाऊक नाही. मी याले हात नाही लावत." आमच्याकडे बायकाही 'मी करतो' असंच बोलतात. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं. मला मात्र त्या दिवशी वाटलं, दुसऱ्या कुठल्या भाषेत हे इतकं ठाम आलं नसतं.

तो गेला, पण पिंप ठेवून गेला. विचार करा म्हणाला. बाबा आणि माय तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझ्या मायला जग कळत नाही, असा माणूस पुन्हा येणार नाही. मी शिकलेली होते, मी तिला समजावावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी पिंपाचं झाकण थोडं सैल करून वास घेतला आणि दिवसभर माझं डोकं दुखत राहिलं. ते मी बाबांना सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतः ऑटो बोलावला, पिंप त्यात घातलं आणि त्या दुकानासमोर उतरवून आले. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "नेऊन देलं."

त्या दुकानदारानं आमचे कॅन ठेवणं बंद केलं. आम्ही दुसरी दुकानं धरली, मी स्वतः एस.टी.नं गावोगाव फिरले. मग मधेच लोक सांगू लागले की तुमचा माल तिथं आहे की, हिरवा कॅन, हेच लेबल. आम्हाला वाटलं जुना शिल्लक असेल.

मग ती बातमी आली. लोणारच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला फवारणीच्या मजुरीवर जाणारा माणूस. दोन दिवस सलग पंप मारला, अनवाणी, डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत. दुसऱ्या दुपारी बांधावर कोसळला. ओकाऱ्या, डोळ्यांसमोर अंधार, पाठीची कातडी सोलल्यासारखी. त्याला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. औषध कुठलं होतं हे कोणालाच नीट सांगता येईना, तीन-चार एकत्र केलेली होती. पण हिरवा कॅन सगळ्यांना आठवत होता. साबणवाल्याच्या स्टिकरनं केलं, असं दोन दिवसांत सगळीकडे झालं.

लोक कॅन परत आणू लागले. कोणी भांडलं नाही. ते नुसते यायचे, कॅन फाटकाशी ठेवायचे आणि निघून जायचे. मला भांडण चाललं असतं. शेडवर काम करणाऱ्या चार बायकांपैकी दोघींना घरच्यांनी पाठवणं बंद केलं. बाबा फाटकाशी साचलेला ढीग बघत बसून राहिले आणि एका दुपारी म्हणाले की आपण शेड बंद करू, अकोल्याला काकाकडे जाऊ, लोक विसरतील.

माय म्हणाली, "आपन गेलो तर आपनच केलं असं होते. मी कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. तो माणूस निपचित पडला होता, हात कापडानं खाटेला बांधलेले, कारण तो भ्रमात सलाईन ओढत होता. त्याची बायको भिंतीशी बसलेली. पंचविशीची असेल. आम्ही कोण हे कळल्यावर तिनं तोंड फिरवलं. माय तिच्या शेजारी जमिनीवर बसली.  मग ती बाई भिंतीकडे बघतच म्हणाली, "डबा तुमचाच व्हता. कागदावरचं नाव म्या वाचलं. मले वाचता येते."

मायनं तिला विचारलं, तो डबा कुठं आहे? तिनं तो पिशवीत घालून सोबत आणला होता, डॉक्टरांना दाखवायला. ओसरीत उजेडाला नेऊन आम्ही तो उघडला. कॅन आमचाच होता, लेबल माझ्याच अक्षरातलं, पण घासलेलं, एकदा भिजून वाळलेलं. आतलं पाण्यासारखं पातळ होतं आणि त्याला त्या निळ्या पिंपाचा वास होता. कोणीतरी आमचे रिकामे कॅन भंगारातून उचलून भरले होते. मायनं सवयीनं त्यात करंगळी बुडवली आणि वर नेली. मी तिचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तिच्या कामात अडवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, बोट नळाखाली धरलं आणि पिशवीतून आणलेल्या आमच्याच वडीनं तीनदा धुतलं.

त्या बाईनं हे सगळं पाहिलं होतं. ती मायला म्हणाली, "मंग हे कोनं भरलं?"

"ते विचाराले चाललो मी," माय म्हणाली.

परत आलेल्या कॅनांचा ढीग मी आणि मायनं एकेक उघडून वेगळा केला. बहुतेक आमचे होते. काही नव्हते. वास घेऊन घेऊन आम्ही तो ढीग संपवला. बाजाराच्या दिवशी मायनं एक घमेलं, पाण्याचा हंडा, दोन कॅन आणि मला बरोबर घेतलं आणि त्या कृषी केंद्राच्या बरोबर समोर, भाजीवाल्यांच्या रांगेत जागा धरली. बाबा आले नाहीत. त्यांनी तिला हात जोडले होते, चारचौघांत तमाशा नको म्हणून.

मायनं अंबाडा सोडला. भर बाजारात, पन्नाशीच्या बाईनं. लोक थांबले, ते आधी केवळ त्यासाठीच थांबले. तिनं पहिला कॅन उचलून दाखवला, म्हणाली हा आमचा, मीच शिजवला, यात करंजीचं तेल, कॉस्टिक आणि पाणी, चौथं काही नाही. तिनं ते घमेल्यात ओतलं, बोट बुडवून जिभेला लावलं आणि मग त्याच पाण्यानं सगळं डोकं धुतलं. फेस मानेवरून, पाठीवरून, लुगड्यावर. मी हंडा उचलला, पण भरलेला हंडा मला धड वाकवता येईना. तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातून हंडा घेतला. बाबा होते. ते कधी आले ते मला कळलं नव्हतं. त्यांनी सगळ्या बाजारासमोर आपल्या बायकोच्या डोक्यावर पाणी घातलं, हळूहळू, ती थांब म्हणेपर्यंत.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दुसरा कॅन उचलला. कॅन आमचा, आतलं आमचं नाही, असं तिनं सांगितलं. मग ओल्या केसांनीच रस्ता ओलांडून ती त्या दुकानाच्या पायरीवर गेली आणि कॅन फळीवर ठेवला.

"भाऊ, मी डोकं धुतलं. तुमी निस्ता हात धुवा."

आवाज चढलेला नव्हता. दुकानात चार-पाच शेतकरी उभे होते, ते त्याच्याकडे बघत राहिले. तो कोणाला तरी फोन लावू लागला. मग म्हणाला, बाई, धंद्याच्या वेळी काय लावलंय. माय तिथंच उभी राहिली. शेवटी त्यानं गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि शटर ओढलं. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. त्यानंतर आम्हाला वेगळं काही सिद्ध करावं लागलं नाही, निदान बाजारापुरतं.

सरकारी बाजूनं ते इतकं सरळ झालं नाही. कृषी विभागाचा माणूस आला, आमच्या कढईतला नमुना घेतला, अहवाल येईपर्यंत स्टिकर विकू नका म्हणाला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. तो हंगाम पूर्ण गेला. त्या काळात माय धुण्याच्या वड्या करत राहिली, कोणी घेवो न घेवो. कढई थंड पडू द्यायची नाही हे तिनं मनाशी धरलं होतं. आमच्या नमुन्यात साबणाशिवाय काही नाही असं अहवालात आलं. दुकानदाराच्या गोदामात काहीच सापडलं नाही, ते तपासणीच्या आधीच रिकामं झालं होतं. त्याच्यावर काही झालं नाही. पुढच्या वर्षी त्यानं बाबांकडे निरोप पाठवला, झालं गेलं, मिळून धंदा करू. बाबांनी निरोप्याला चहा पाजला आणि सांगितलं, "आमची कढई लहान हाये. तुमचा माल मावत नाही तिच्यात." मवाळ माणसाचं ते बोलणं मी आजही आठवून खूश होते.

तो मजूर वाचला, पण त्याची नजर कायमची अधू झाली. उन्हात त्याला दिसत नाही. त्याची बायको पुढच्या पावसाळ्यात आपणहून शेडवर आली आणि काम मागितलं. मायनं तिला भरणीवर, म्हणजे कॅन भरून लेबल लावायच्या कामावर ठेवलं, वाचता येतं म्हणून. लेबलावर आता काय लिहायचं यावर आमच्यात वाद झाला. बाबा म्हणत, नाव मोठं करा. भरणीवरची ती बाईच म्हणाली, नाव कशाला, आत काय हाये ते लिहा. आम्ही तसंच केलं. तेल किती, कॉस्टिक किती, पाणी किती, मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. आणि तेच रंगानं शेडच्या बाहेरच्या भिंतीवर लिहून काढलं, कढई किती वेळ ठेवायची त्यासकट. रस्त्यानं जाणाऱ्या एस.टी.तूनही ते वाचता येतं.

धंद्यातल्या लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. घराण्याची कृती भिंतीवर कोण लिहितं? बाबांनाही मनातून ते पटलं नव्हतं. पण लपवलेल्या मालापायी आमचं काय झालं होतं ते आम्ही पाहिलं होतं. ज्याला नक्कल करायची त्यानं करावी, फक्त खरी करावी, असं माय म्हणायची.

माय गेली त्याला आता काही वर्षं झाली. गुलाबी अळीनं बीटीचाही दिमाख उतरवला आणि आमच्या भागात पुष्कळ लोक सोयाबीनकडे वळले. सरकीची गाद पूर्वीसारखी मिळत नाही. शेड मी चालवते. माझं लग्न झालं, नवरा शिक्षक, तो सुटीत भट्टी पेटवायला येतो आणि तेवढंच त्याला येतं. बाहेरची एक कंपनी दोनदा विचारून गेली, नाव विकता का. मी विचारलं, नाव घेऊन आत काय भरणार? ते म्हणाले, ते आमचं आम्ही बघू. मी त्यांना दोन्ही वेळा बसस्टँडचा रस्ता दाखवला.

मागच्या हिवाळ्यात सोनाळ्याहून एका बचत गटाच्या बायकांचा फोन आला. त्यांच्यातल्या एकीनं लग्नाच्या वऱ्हाडात जाताना बसमधून आमची भिंत वाचली होती, हातावर लिहून घेतली होती आणि गावात जाऊन साबण करून पाहिला होता. तो फाटत होता, तेल वेगळं, पाणी वेगळं होत होतं. काय चुकतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्या संकोचून बोलत होत्या, कृती चोरल्यासारखं वाटत होतं त्यांना.

फोनवर सांगून ते जमण्यासारखं नव्हतं. मी आणि ती भरणीवरची बाई सकाळच्या एस.टी.नं निघालो, खामगावला गाडी बदलली, सोनाळ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी एका अंगणात त्यांनी तीन दगडांवर पातेलं मांडलं होतं. त्या घाई करत होत्या, तेल पुरतं तापायच्या आत कॉस्टिक ओतत होत्या. भरणीवरच्या बाईनं त्यांच्या हातातली पळी घेतली, त्यांना एक एक करून जवळ उभं केलं आणि सुरुवातीलाच विचारलं, गावात फवारायला कोणाकोणाची माणसं जातात. अंगणातल्या जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. "फवारून आले की आधी आंग धुवाले सांगा त्याईले," असं म्हणून ती जाळ वाढवायला खाली बसली.